स्विस के-३१ रायफल घ्यायची कशी आणि पोसायची कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हत्ती घेणं एक वेळ जमतं, त्याला रोज ऊस घालणं जमत नाही. जुन्या स्विस लष्करी रायफलीची गत तीच. मी टेक्सासमध्ये राहतो, अकरा वर्षांपासून माझ्याकडे एक के-३१ आहे, आणि दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मराठी माणूस फोन करून तेच ते प्रश्न विचारतो. एकदाचं लिहून ठेवलं की फोनवर गणपतीच्या गप्पा मारायला वेळ मिळेल, म्हणून हे. बहुतेक उत्तरं अमेरिकेला धरून आहेत. स्वित्झर्लंड आणि भारत शेवटी येतात.

के-३१ म्हणजे नक्की कुठली बंदूक?

काराबिनर मॉडेल १९३१. बर्नमधल्या सरकारी शस्त्र कारखान्यात कर्नल आडोल्फ फुरर यांच्या हाताखाली तिची रचना झाली. १९३१ मध्ये स्विस लष्कराने ती स्वीकारली आणि १९५८ पर्यंत सव्वापाच लाखांहून जास्त रायफली तयार झाल्या. लांबी ११०.७ सेंटिमीटर, वजन चार किलो, मॅगझिनमध्ये सहा काडतुसं. काडतूस ७.५ बाय ५५ स्विस. पुढचा सगळा खर्च या शेवटच्या आकड्यामुळे होतो.

या रायफलींनी युद्ध पाहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड सीमेवर पहारा देत बसलं. सैनिक रायफल घरी न्यायचा, पुसायचा, आणि वर्षातून ठरलेल्या दिवशी ३०० मीटरवरच्या लक्ष्यावर झाडायचा. त्यामुळे इतर देशांच्या जुन्या लष्करी रायफलींच्या नळ्या आतून खरवडलेल्या, गंजलेल्या निघतात, तशी ही सहसा निघत नाही.

ती ‘सरळ ओढायची’ असते म्हणे. म्हणजे काय?

एनसीसीच्या कॅम्पात .२२ चालवली असेल किंवा पोलिसाच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री जवळून पाहिली असेल, तर तिचा बोल्ट आठवा. जुन्या दाराच्या आडव्या कडीसारखा तो असतो: दांडी वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, पुन्हा खाली पाडा. चार हालचाली. के-३१ ची दांडी टेबलाच्या ड्रॉवरसारखी सरळ मागे येते आणि सरळ पुढे जाते. बोल्ट आतल्या आत वळतो, कुलूप बसवणारे दात आपोआप फिरून जागेवर जातात.

मागच्या बाजूला अंगठीएवढं कडं दिसतं, तो खटका चढवण्याचा भाग. तेच कडं मागे ओढून फिरवलं की सेफ्टी. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी दोनदा ते कडं उगाच ओढून पाहिलं. त्याचा ‘खट्’ आवाज ऐकला की स्विस घड्याळाची उपमा लोक का देतात ते कळतं. (ती उपमा मी पुन्हा वापरणार नाही, तुम्हीही वापरू नका.)

आधीच्या के-११ कार्बाइनची नळी ५९२ मिलिमीटर होती, के-३१ ची ६५२, आणि तरीही एकूण लांबी जवळपास तेवढीच. हे जमलं कारण फुरर यांनी कुलुपाचे दात पुढे, काडतुसाच्या अगदी मागे आणले आणि मागचा लांबलचक भाग आखूड केला.

१८८९ ची, ९६/११, के-११ अशीही नावं दिसतात. त्यातली कुठलीही चालेल का?

नाही. इथे चूक झाली तर तोंडावर येईल, अक्षरशः.

रुडॉल्फ श्मिट आणि एडुआर्ड रुबिन यांची मूळ रायफल १८८९ ची. तिचं काडतूस जीपी९०. १९११ मध्ये जीपी११ आलं: टोकदार गोळी, जास्त दाब. ९६/११, जी११ आणि के-११ या जीपी११ साठी आहेत किंवा त्यासाठी बदलून घेतलेल्या आहेत. १८८९ ची मूळ रायफल मात्र तिचं कुलूप हा दाब झेलायला बनवलेलं नसल्यामुळे आजच्या ७.५ स्विस काडतुसाने झाडू नये. दुकानदार ‘सगळ्या सारख्याच’ म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. पहिलीच खरेदी असेल तर के-३१ घ्या आणि हा वादच मिटवा.

पूर्वी शंभर-दीडशे डॉलरला मिळायची असं ऐकलं. आता?

खरं आहे, मिळायची. स्विस लष्कर १९५८ पासून श्टुर्मगेवेअर ५७ या नव्या रायफलीकडे वळलं, के-३१ टप्प्याटप्प्याने निवृत्त झाल्या, आणि २००० च्या आसपास त्या ढिगाने अमेरिकेत आल्या. लोकांनी दोन-दोन, तीन-तीन घेतल्या. तो ओघ आटला. आज पाचशे डॉलरच्या खाली चांगली नळी आणि सगळ्या भागांवर जुळणारे क्रमांक दिसले तर मी दुसरा विचार करायला बसणार नाही.

गंमत अशी की त्या काळात ज्यांनी स्वस्तात रायफल घेतली त्यातल्या निम्म्या लोकांनी त्याच भावात काडतुसं घेऊन ठेवली नाहीत. आता तेच हळहळतात. मीही त्यातलाच असतो, पण तेव्हा मी पुण्यात बारावीला होतो.

मी एच-वनबीवर आहे. घेऊ शकतो का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि लोक सगळ्यात शेवटी विचारतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला, म्हणजे एफ-वन, एच-वनबी, एच-फोर, एल-वन वगैरे, बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. ‘बाळगणं’ यात नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणंही येऊ शकतं. अपवाद आहेत, त्यातला ओळखीचा म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. पण ‘ऑफिसातल्या एकाने तसंच केलं होतं’ या भरवशावर पाऊल टाकू नका. चूक झाली तर दंड भरून सुटत नाही, ग्रीन कार्डची फाइल आणि इथलं राहणंच अडचणीत येतं. वकिलाला तासाचे पैसे द्या, ते रायफलीपेक्षा स्वस्त पडतात.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर संघीय पातळीवर अडचण नाही, राज्याचे नियम मात्र बघा. न्यू जर्सीत लांब बंदुकीसाठीसुद्धा आधी ओळखपत्र काढावं लागतं, कॅलिफोर्नियाचं तंत्र वेगळंच आहे. टेक्सासवरून न्यू जर्सीतल्या एडिसनचा अंदाज बांधू नका.

विकत घेण्याची रीत काय?

दोन वाटा. पहिली सरळ: दुकानात जा, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरा, पार्श्वभूमी तपासली जाईल, घेऊन या. दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतली तरी ती तुमच्या गावच्या परवानाधारक दुकानदाराकडे येते आणि हेच सोपस्कार तिथे होतात. त्याची फी आधी विचारून घ्या.

दुसरी वाट संग्राहकांची, ‘क्युरिओ अँड रेलिक’ परवाना. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली शस्त्रं यात बसतात आणि शेवटची के-३१ सुद्धा १९५८ ची असल्याने ती आरामात बसते. तीन वर्षांचे ३० डॉलर. बहुतेक राज्यांत रायफल मग थेट दारात येते. बदल्यात एक वही ठेवावी लागते: कधी आली, कुणाकडून, क्रमांक काय, कधी गेली. आजोबांच्या किराणा दुकानातली खतावणी पाहिलेल्या माणसाला हे जड नाही. हा परवाना छंदासाठी आहे, घेऊन विकण्याचा धंदा त्यावर करायचा नसतो.

बघायला गेल्यावर काय काय तपासू?

आधी नळी. बोल्ट काढायला सांगा (काढू देत नसेल तर तिथेच थांबा), मागून उजेड धरा आणि नळीच्या तोंडाकडून आत बघा. आतले आटे आरशासारखे चकचकीत आणि कडा धारदार दिसायला हव्यात. तोंडाशी कडा झिजली असेल तर साफसफाईच्या सळईने घासली गेली आहे असं समजा.

मग आकडे. रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो पोलादी सांगाडा), बोल्ट आणि मॅगझिनवरचे क्रमांक जुळतात का बघा. न जुळणारी वाईटच असते असं नाही, पण भाव उतरवायला हक्काचं कारण मिळतं. रिसीव्हरवर छोटा स्विस क्रॉस असतो. कुठे ‘पी’ हे अक्षर ठोकलेलं दिसलं तर ती सेवा संपल्यावर सैनिकाच्या खासगी मालकीची झालेली रायफल.

शेवटी लाकूड. साधारण १९४६ पर्यंतचे दस्ते अक्रोडाचे, नंतरचे बीचचे. दस्त्याच्या खालच्या टोकाला बहुतेक रायफलींवर उंदराने कुरतडल्यासारख्या खुणा असतात. बुटांच्या खिळ्यांनी, ओल्या बर्फाने, एकमेकींना टेकवून ठेवल्याने पडलेल्या. त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. सँडपेपर मारून नवीन वार्निश केलेली रायफल दिसायला नवरीसारखी असते, पण संग्राहक तिला कमी पैसे देतात. मी एकदा फोटो बघून घेतली होती, ‘मूळ पॉलिश’ असं विक्रेत्याने लिहिलं होतं. खोका उघडला तर घरभर ताज्या वार्निशचा वास. परत पाठवण्याचा खर्च माझ्या बोडक्यावर.

दस्त्याच्या आत चिठ्ठी असते, हे खरं का?

खूपदा असते. मागची लोखंडी पट्टी दोन स्क्रूंवर बसवलेली असते. ती काढली की लाकडातल्या पोकळीत घडी घातलेला कागद किंवा प्लॅस्टिकमधला तुकडा निघतो. त्यावर ज्याला रायफल दिली होती त्या सैनिकाचं नाव, पलटण, गाव, कधी जन्मवर्षही.

माझ्या रायफलीतला कागद पिवळा पडलेला होता, टाइपरायटरवर उमटवलेला, एक अक्षर ओळीच्या जरा वर चढलेलं. गाव बर्न परगण्यातलं. मी तो काढला, वाचला, फोटो घेतला आणि पुन्हा जागेवर ठेवला. नाव कुठेही टाकलं नाही. काही लोक त्या नावाच्या माणसाला शोधून पत्र लिहितात. त्याला ते आवडेल की नाही हे आपल्याला कसं कळणार? स्क्रू काढताना योग्य मापाचा पेचकस घ्या. खाच मोडली की आधीच्या मालकाला शिव्या घालता येत नाहीत, कारण ती तुम्हीच मोडलेली असते.

काडतुसं कुठली घ्यायची? नावांचा गोंधळ होतो.

खोक्यावर ‘७.५ बाय ५५ स्विस’ हे पूर्ण वाचा. ७.५ बाय ५४ फ्रेंच हे वेगळं काडतूस आहे. .३०८ विंचेस्टर, म्हणजे ७.६२ बाय ५१, तेही वेगळं. नळीत जाणाऱ्या गोळीचा व्यास .३०८ इंचाच्या गोळ्यांशी जुळतो, पण काडतुसाची पुंगळी निराळी आहे. ‘थोडं लहान आहे, बसेल’ हा हिशेब बंदुकीत करायचा नसतो.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार. एक, जुना लष्करी साठा, म्हणजे जीपी११. दुसरा, नवा कारखानी माल: सर्बियाचा प्रवी पार्टिझान, शिवाय हॉर्नेडी आणि नॉर्मा. यात परवडणारा प्रवी. नॉर्मा हरणाच्या शिकारीला ठीक, कागदावर झाडायला जीव जातो.

जीपी११ चं एवढं कौतुक का?

कारण कारखान्यातून युद्धासाठी निघालेलं काडतूस असं नेमकं क्वचितच असतं. ११.३ ग्रॅमची, म्हणजे १७४ ग्रेनची, शेपटीकडे निमुळती गोळी. के-३१ मधून ती सेकंदाला सुमारे ७८० मीटर वेगाने निघते. रायफल आणि काडतूस एकमेकांसाठीच बनल्याने नेम नीट बसतो. शिवाय प्राइमर (काडतुसाच्या तळाची, ठोका बसताच पेटणारी टिकली) नळीला गंज आणणाऱ्या जातीचा नाही, त्यामुळे इतर देशांच्या जुन्या मालासारखं रेंजवरून आल्या आल्या गरम पाण्याने नळी धुवायची धावपळ नाही.

दहा-दहाची पुठ्ठ्याची पाकिटं, साठाचा गठ्ठा आणि ४८० ची पेटी असा तो यायचा. जुन्या काडतुसाच्या मानेपाशी मेणासारखी करडी रेघ दिसते. ओल आत जाऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. मळ समजून ती खरवडत बसणारा माणूस मी पाहिलाय.

मग सगळी जीपी११ च का घेऊ नये?

दोन कारणांनी. एक, ती आता दुर्मिळ आहे आणि रिकाम्या पुंगळीचा पुढे उपयोग होत नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय. दुसरं, लोहचुंबक.

जीपी११ च्या गोळीचं वरचं कवच पोलादाचं असतं, वर दुसऱ्या धातूचा मुलामा. बऱ्याच बंदिस्त रेंजवर काउंटरलाच चुंबक लावून बघतात. चिकटलं की बंदी, कारण पोलाद मागच्या भिंतीचं नुकसान करतं आणि ठिणगी उडते. आमच्या गावाजवळच्या एका रेंजवर मी साठ काडतुसं घेऊन तासभर गाडी चालवत गेलो, पोराने चुंबक लावला, आणि मी त्यांच्याकडून भाड्याची .२२ घेऊन परत आलो. आधी फोन करा. उघड्या मैदानातल्या रेंजवर सहसा अडवत नाहीत, पण तिथेही उन्हाळ्यात वाळक्या गवतामुळे नियम बदलतात.

महिन्याचा खर्च किती येतो ते सरळ सांगा.

माझा हिशेब सांगतो, भाव तुमच्याकडे थोडे मागेपुढे असतील. तयार काडतूस एका डॉलरच्या वरच जातं, मी सव्वा धरतो. महिन्यातून दोनदा रेंज, दर वेळी चाळीस गोळ्या, म्हणजे ऐंशी. महिन्याला शंभर डॉलर. वर्षाचे बाराशे. रायफलीची किंमत वर्षाच्या आत मागे पडली की नाही?

म्हणून मी उलटा सल्ला देतो: रायफल बघायला जाण्याआधी काडतुसांचं ठरवा. रायफल आणि दोनशे काडतुसं एकत्र घेण्याइतके पैसे नसतील तर दोन महिने थांबा. भिंतीवर टांगलेली उपाशी के-३१ मी तीन मराठी घरांत पाहिली आहे. (टांगलेली, म्हणजे कुलपाशिवाय. त्यावरही पुढे बोलतो.)

दुसरा उपाय म्हणजे कमी झाडा. स्विस माणूस ‘फेल्डशीसन’ या देशभरच्या उत्सवात ३०० मीटरवर एकूण अठरा गोळ्या झाडतो, जास्तीत जास्त ७२ गुण, संपलं. लष्कराच्या सक्तीच्या वार्षिक चाचणीत वीस. मी आता रेंजवर वीसच नेतो. प्रत्येक गोळीआधी श्वास, माशी (नळीवरचं नेम धरायचं टोक), चाप यांकडे लक्ष द्यावं लागतं, आणि वहीत नोंद होते. सराव हवा असेल तर .२२ घ्या, काही सेंट्सना एक गोळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं ते .२२ वरच, ५० मीटरच्या थ्री पोझिशन्समध्ये. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या त्याच प्रकारात सुवर्ण स्वित्झर्लंडच्या कियारा लिओनेचं. छोटं काडतूस म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही.

घरी काडतुसं भरली तर स्वस्त पडतात का?

पडतात, पण लोक सांगतात तेवढी नाहीत. आणि वेळ मोजला तर अजिबात नाहीत.

पुंगळी परत वापरता येते, ती फुकट धरा. उरले तीन खर्च. गोळी, तांब्याच्या कवचाची, साधारण तीस-पस्तीस सेंट. प्राइमर दहाच्या आसपास. दारू: एका पौंडात ७००० ग्रेन, त्यात या मापाची जवळपास दीडशे काडतुसं भरतात. पौंड पन्नास डॉलरला मिळाला तर काडतुसामागे तेहतीस सेंट. बेरीज पाऊण डॉलर. तयार काडतुसापेक्षा अर्धा डॉलर वाचला. प्रेस, डाय (पुंगळी मापात आणायचा साचा), तराजू, मोजपट्टी यांचे तीनशे डॉलर लागले असतील तर सहाशे काडतुसांनंतर तुम्ही नफ्यात. महिन्याला ऐंशीच्या हिशेबाने साडेसात महिने.

खरा फायदा वेगळा आहे: माल बाजारातून गायब झाला तरी तुम्ही अडत नाही. २०२० नंतरच्या दोन वर्षांत प्राइमरच मिळत नव्हते तेव्हा मात्र मीही अडलो होतो. तेव्हापासून हजाराचा एक डबा कपाटात असतोच.

दारू किती भरायची ते इथे लिहिणार नाही. छापील, नावाजलेल्या कंपनीचं कोष्टक घ्या, त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करा. कुणाच्या सांगण्यावरून, माझ्यासुद्धा, भरू नका. के-३१ बद्दल दोन खास गोष्टी तेवढ्या सांगतो. एक, हिच्या नळीत गोळीला पुढे सरकायला मोकळी जागा फार कमी आहे, कारण ती जीपी११ च्या सडपातळ गोळीसाठी कोरलेली आहे. जाड गालांची गोळी कोष्टकातल्या लांबीवर बसवली तर आटे आधीच गाठते. म्हणून आपल्या रायफलीत मापून मगच खोली ठरवा. दोन, सरळ ओढायच्या बोल्टला अडकलेली पुंगळी पिळून सोडवायचा जोर कमी असतो. त्यामुळे झाडल्यावर फुगलेली पुंगळी दर वेळी पूर्ण मापात आणा, नुसती मान दाबून भागवू नका. मी भागवलं होतं. तिसऱ्या फेरीला दांडी हलेना, शेजारच्या बाकावरचे आजोबा बघत होते, आणि मी दोन्ही हातांनी ओढत होतो.

जीपी११ च्या रिकाम्या पुंगळ्या का भरता येत नाहीत?

प्राइमर पेटतो तो मागून बसलेल्या पिनेच्या ठोक्याने, पण ठोका बसायला खाली ऐरण लागते. बॉक्सर पद्धतीत ही ऐरण प्राइमरच्याच पोटात असते आणि पुंगळीच्या तळाला मध्यभागी एक भोक असतं. डायमधली सळई त्यातून घालून जुना प्राइमर ढकलून काढता येतो. बर्डान पद्धतीत ऐरण पुंगळीच्या तळालाच घडवलेली असते आणि भोकं बाजूला दोन बारीक. सळई घातली की ती थेट ऐरणीवर आदळते आणि मोडते. जीपी११ बर्डान आहे.

हे मला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केलेल्या काकांनी व्हिडिओ कॉलवर वाटी आणि चमचा घेऊन समजावलं. काकू मागून ओरडत होती की ती वाटी श्रीखंडाची आहे.

हट्टाने बर्डान भरणारे आहेत, पाण्याच्या दाबाने प्राइमर उडवतात. त्यांना माझा दंडवत. आपण प्रवी किंवा हॉर्नेडीची बॉक्सर काडतुसं घ्यावी, झाडावी आणि पुंगळ्या गोळा कराव्या. रेंजवर वाकून पितळ वेचणारा माणूस दिसला की तो आपल्यातलाच.

शिशाच्या ओतीव गोळ्या?

यात खरी बचत आहे. गोळी काही सेंटची, दारू कमी, वेग कमी, खांद्याला धक्का कमी. ५० ते १०० मीटरला झकास. शिसं वितळवायचं तर मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि पोरांच्या, स्वयंपाकाच्या भांड्यांच्या जवळपासही नाही. आयती ओतलेली विकत मिळते, मी तीच घेतो.

सहा गोळ्यांचे ते चार्जर लागतात का?

लागत नाहीत, पण मजा येते. तंतुपुठ्ठ्याचा डबा, त्याला पत्र्याची पट्टी. वरून लावायचा, अंगठ्याने दाबायचं, सहाही एकदम आत. जुने स्वतंत्र विकत मिळतात.

दुर्बीण बसवता येईल का?

भोकं पाडून नको. न पाडता चिमट्यासारखी बसणारी साधनं मिळतात, पण पुंगळी वरच्या अंगाने उडत असल्याने दुर्बीण थोडी बाजूला येते. डोळे शाबूत असतील तर मूळची माशीच ठेवा.

मी स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथे कसं?

तिथे ही रायफल अजून जिवंत आहे. क्लबांच्या ३०० मीटर रेंजवर आजच्या लष्करी श्टुर्मगेवेअर ९० च्या शेजारी के-३१ घेऊन झोपलेले काका दिसतात, कारण ती आजही मान्यताप्राप्त लष्करी शस्त्रांत मोडते. हाताने बोल्ट चालवायच्या रायफलीसाठी स्विस नागरिकाला किंवा सी, म्हणजे कायम वास्तव्याच्या, परवानाधारकाला शस्त्रखरेदीचा स्वतंत्र परवाना लागत नाही, लेखी करार पुरतो. त्याची प्रत परगण्याच्या कार्यालयात जाते आणि दोन्ही बाजूंना ती दहा वर्षं जपावी लागते. बी, म्हणजे मुदतीच्या वास्तव्य-परवान्यावर असाल तर मात्र आधी शस्त्रखरेदीचा परवाना काढा. ठरावीक काही देशांच्या नागरिकांना मनाई आहे, भारत त्या यादीत नाही. घाई नसेल तर आधी क्लबात जा, तिथल्या प्रशिक्षकाशी ओळख करा. फेल्डशीसनला एका वीकेंडला लाखाहून जास्त लोक झाडायला येतात. खंडोबाच्या जत्रेसारखी गर्दी, फक्त भंडाऱ्याऐवजी दारूचा धूर.

भारतात नेता येईल का? परत येताना बरोबर आणायचा विचार आहे.

सोडून द्या. १९५९ चा शस्त्र कायदा, परवाना, लष्करी मापांवरची बंधनं, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आयात करणं जवळपास बंदच. नामवंत नेमबाजांसाठी वेगळी सोय आहे, तुम्ही-मी त्यात येत नाही. शिवाय आणलीच तर खायला काय घालणार? खडकीत आणि वरणगावात काडतुसं बनतात, पण ७.५ स्विस नाही. परतायच्या आधी इथेच चांगल्या हाती विकून या.

घरात लहान मुलं आहेत.

मग लोखंडी कपाट पहिलं, रायफल नंतर. बोल्ट एका झटक्यात निघतो, तो वेगळ्या कुलपात ठेवा, काडतुसं तिसऱ्या. भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवायची असेल तर त्याऐवजी फोटो टांगा. माझी आई अजून दर रविवारी विचारते, “अरे, ते काढलंस का घरातून?” मी म्हणतो, “कुलपात आहे गं.” ती म्हणते, “किल्ली कुठेय?” प्रश्न बरोबर आहे. किल्ली माझ्या खिशात असते, ड्रॉवरमध्ये नाही.

खंडेनवमीला पूजा करता का?

करतो. पण ओलं हळदकुंकू पोलादाला लावू नका. पहिल्या वर्षी लावलं, दुसऱ्या सकाळी रिसीव्हरवर दोन बोटांचे तांबूस ठसे. आता लाकडावर कोरडं कुंकू, झेंडूचं फूल, आणि पोलादाला तेलाचं बोट. फूलही संध्याकाळी काढतो, देठात पाणी असतं.

भारतात सुट्टीला जाताना काही काळजी?

रेंजला नेलेली पिशवी विमानाला नेऊ नका, कधीच. भारतीय विमानतळावर पिशवीच्या शिवणीत एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात, आणि ‘चुकून राहिलं’ हे पोलीस ठाण्यात सांगत बसावं लागतं. दोन वर्षांपूर्वी मुंबईला निघायच्या आदल्या रात्री मी जुनी सॅक झटकली तर प्रवीची एक रिकामी पुंगळी टाइल्सवर टणटणत फ्रिजखाली गेली. बायकोने सॅक कचऱ्यात टाकली, दुकानात जाऊन नवी आणली, आणि पावती फ्रिजला चिकटवली. अजून तिथेच आहे.